आखाजीच्या झोक्यावरचे रंग

मंडळी, आज शिंदखेड्याच्या घरी अंगणातला लोखंडी झोका साफ करायला घेतला. गॅरेजमधून कॉम्प्रेसर आणि वाळूची गन भाड्याने आणली. वाळूचा फवारा मारला की गंज आणि जुना रंग दोन्ही उडतात.

हा झोका आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ऐंशीच्या दशकात ताईच्या लग्नानंतर करून घेतला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येऊन झोका खेळतात; तीही दर वर्षी यायची. त्याआधी आबा झोक्याला नवा रंग द्यायचे. नव्वदच्या दशकात ताई वारली. मी तेव्हा नोकरीसाठी बाहेर होतो.

बसायच्या पत्र्यावर गन धरली, तर रंगाचे खालचे थर मधोमध झिजलेले. बसून बसून. वरचे मात्र अख्खे. हिरवा, निळा, परत हिरवा.

आईला विचारलं. ती म्हणाली, "ती गयी तरीबी तुना आबा दर आखाजीले रंग देत व्हतात. कोनले बसू दिधं नही."

मी कॉम्प्रेसर बंद केला. रडू वगैरे आलं नाही. वाळू झाडली, चहा प्यायलो.

उघडं लोखंड लगेच गंज धरतं, म्हणून उद्या रंग देतोय. या आखाजीला तुमच्याकडे लेक माहेरी येणार असेल, तर तिला आमच्या झोक्यावर बसायला पाठवाल का?