न दिसणाऱ्या ग्रहणाचे वेध

आमच्या जांभूळ गावाहून मी परदेशी निघाले त्या दिवशी बाबांनी अंबरनाथच्या कारखान्यातली पाळी बदलून घेतली होती. बॅग त्यांनीच रिक्षात चढवली. आई म्हणाली, "सूर्य काय इथनं दिसत नाही? त्याच्यासाठी एवढ्या लांब?" बाबा हसले. "अगं, हिचा सूर्य कॉम्प्युटरमधला. तो तिकडेच असतो."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझं काम आईला बाबाच समजावून सांगायचे. अर्धं चुकीचं, पण कौतुकाने. मी परदेशी आल्यावर दुसऱ्याच वर्षी ते गेले. मला वेळेत पोहोचता आलं नाही. त्यानंतर आईचा फोन म्हणजे "जेवलीस का?" आणि पुढे शांतता. आमच्यात बोलायला काही उरलंच नाही की काय, अशी भीती वाटायची. तुमच्यापैकी जे घर सोडून गेलेत, त्यांना ही शांतता कदाचित माहीत असेल.

सूर्याभोवती तापलेल्या, विरळ वायूचं प्रभामंडल असतं. सौरवारा तिथूनच सुटतो. एरवी ते डोळ्यांना दिसत नाही. आमचा ग्रुप त्याचं मॉडेल बनवतो आणि खग्रास ग्रहणाच्या आधीच सांगतो, ते कसं दिसेल. ग्रहण म्हणजे आमची परीक्षा. या वेळचं ग्रहण माझ्याच शहरावरून गेलं. कॅमेरे आणि सँडविच घेऊन आम्ही मैदानात बसलो. मॉडेलने सांगितलेले प्रभामंडलातले बरेचसे प्रकाशाचे झोत जागच्या जागी दिसले. एक साफ चुकला. तरी सगळे टाळ्या वाजवत होते. मला बाबांना सांगायचं होतं.

तेवढ्यात आईचा फोन. "सुटलं का गं ग्रहण?"

भारतात ते दिसणार नव्हतं, आणि दिसत नाही तिथे ग्रहण पाळत नाहीत. तरी तिने वेध धरले होते. पाण्यात तुळशीचं पान, दुपारपासून पोटात काही नाही. शेजारच्या काकू म्हणून गेल्या होत्या, "कॅलेंडर बघ की! फुकटची उपाशी बसलीस."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझी पोरगी त्याच्याखाली उभी आहे."

मी चाचरत म्हटलं, "आई, मी तर सँडविच खाल्लं."

"असू दे. तुझ्या वाटचं मी धरलंय. बाबा असते तर त्यांनी समजावलं असतं. आता तूच सांग, कसं दिसलं?"

मी सांगत राहिले. चुकलेल्या झोताचंही सांगितलं. मग ती आंघोळ करून भात टाकायला उठली.

माझ्या डोक्यावरचं ग्रहण जिथे पाळलं जातं ते घर, एवढंच मला आता कळतं. तिथे एकटीपुरता भात शिजतो.