दोघा भावांची टू-स्ट्रोक

माझ्या सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्याला मी मठ्ठ्याच्या पातेल्यातून आत गेलो.

बाकीची माणसं कमानीतून आली. कमानीत गुलाबपाणी शिंपडायला दोन मुली होत्या, अत्तर लावायला एक काका होते. आम्हाला यातलं काही मिळालं नाही. आम्ही म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ, दादा. आम्हाला मठ्ठा मिळाला, तोही जेवणाच्या आधी!

पण हे सगळं मुळापासून सांगायला हवं.

माझं शाहूपुरीत चष्म्याचं दुकान आहे. दादा शिरोळकडं ऊस करतो. आमचे वडील, आबा, गेल्यावर आमच्या वाटण्या झाल्या, आणि अशा झाल्या की गावात अजून त्यांचा दाखला देतात. जमीन वाटली. विहिरीचं पाणी वारांवर वाटलं. बांधावरचा आंबा फांद्यांवर वाटला. (शेंड्यावर एकमत झालं नाही, त्यामुळं तिथले आंबे वटवाघळं खातात.) वाटायची राहिली एकच वस्तू. आमच्या कॉलेजच्या काळातली टू-स्ट्रोक स्पोर्ट मोटारसायकल. आबांनी ती दोघांत मिळून घेऊन दिलेली. कागदावर नाव दादाचं, पुसायचं काम माझं. लाल टाकी, गोल हेडलाइट, आणि पळायला अशी की गावातली कुत्री मागं लागायचा विचारसुद्धा करायची नाहीत.

पुढं कंपनीनं ती गाडी बनवायची बंद केली, आम्ही भावांनी बोलायचं बंद केलं, आणि गाडी दादाच्या गोठ्यात जाऊन पडली. तिच्यावरून कृष्णेचे पूर येऊन गेले.

अगदीच बोलत नव्हतो असं नाही. लग्नात आणि मयतीत भेट व्हायची.

"बरं हाय?"

"हाय."

"ऊस?"

"हाय."

"दुकान?"

"हाय."

की झालं. दोन सख्ख्या भावांनी तीन 'हाय'मध्ये संसार आटोपायचा!

दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर जुन्या गाड्या नव्या करण्याचे व्हिडिओ बघत बसायचो. गंजलेलं भंगार आत जातं, गाणं वाजतं, आणि दहा मिनिटांत चकचकीत राक्षस बाहेर येतो. एकदा असाच व्हिडिओ संपला आणि माझं बोट दादाच्या नंबरावर गेलं.

"दादा, गाडी घेऊन जाऊ? नीट करून घेतो."

पलीकडं बराच वेळ नुसता ट्रॅक्टर ऐकू आला.

"घिऊन जा," दादा म्हणाला. "पर मी बी येणार."

फोन ठेवल्यावर मी चष्मा काढून पुसला. माझी बायको शैला म्हणाली, "अहो, डोळ्यात काय गेलं?"

"गाडी देतोय दादा."

"मग रडताय कशाला? अजून दुरुस्तीला कुठं टाकलीय!"

बायकोला पुढचं दिसतं. चष्म्याचं दुकान माझं असलं तरी.

ट्रॉलीत घालून दादानं गाडी स्वतः कोल्हापूरला आणली. उद्यमनगरातल्या पांडू मिस्त्रीच्या दारात उतरवताना सायलेन्सरमधून पुराचा गाळ पडला, मग गोगलगायी पडल्या, आणि शेवटी एक खेकडा निघून मिस्त्रीकडं नांगी वर करून उभा राहिला.

"ह्यो ओरिजनल पार्ट हाय का?" मिस्त्रीनं विचारलं.

दादा हसला. मी हसलो. एकाच गोष्टीला दोघं हसायची ही आबा गेल्यानंतरची पहिलीच वेळ. मला वाटलं, बास, जिंकलं. इथंच गाडी खेकड्यासकट भंगारात घालून दोघांनी मिसळ खाल्ली असती, तर आज ही गोष्ट सांगावी लागली नसती.

पांडू मिस्त्री हा अत्यंत गोड माणूस. त्याच्या तोंडात 'नाही' हा शब्दच नव्हता. काहीही सांगा, म्हणायचा, "व्हय की!" बजेट कमी आहे? व्हय की. लवकर पाहिजे? व्हय की. हे होईल ना? व्हय की! असा माणूस जिल्ह्यात एक असला तरी पुष्कळ नुकसान होतं.

दादा रविवारी यायचा. त्याचं म्हणणं, गाडी होती तशी झाली पाहिजे. तेच उंच हँडल, तेच चकचकीत मडगार्ड, तीच लाल टाकी. "आबांनी दिल्ती तशी," एवढंच तो मिस्त्रीला सांगायचा आणि गुळाची ढेप ठेवून जायचा.

रविवारखेरीज मी आठवड्यात मधेच दुकान बंद करून एकटाही जायचो. मला व्हिडिओतली गाडी पाहिजे होती. खाली वाकून धरायचं बुटकं हँडल, मागं रुंद टायर, वर उचललेली शेपटी आणि एकट्यापुरती सीट. पन्नाशी उलटलेल्या, कंबरेला पट्टा लावणाऱ्या माणसाला खाली वाकायचं हँडल कशाला पाहिजे, हे मला कुणी विचारलं नाही. मिस्त्री तर विचारणारच नव्हता.

"बुटकं हँडल बसतंय न्हवं?"

"व्हय की!"

आता मी दादाला एक शब्द सांगायला हवा होता, की अरे, मला अशी अशी पाहिजे. किंवा दादानं मला. पण कुठंतरी चार रविवार बरे चाललेले. वहिनी डब्यातून भाकरी आणि खर्डा पाठवायच्या, आम्ही दोघं मिस्त्रीच्या दारात टायरवर बसून खायचो. त्यात वाद कोण काढणार? दादा माझ्याबद्दल मिस्त्रीला म्हणायचा, "ते बाळूच्या डोक्यातलं फॅड मनावर घिऊ नगंस." मी मिस्त्रीला म्हणायचो, "दादाचं ऐकल्यासारखं कर फक्त." आणि मिस्त्री दोघांनाही म्हणायचा...

व्हय की!

गाडी तयार झाली. मिस्त्रीनं वरची चादर ओढली.

पुढून बघितलं तर ती जुनीच गाडी, उंच हँडलची, रुबाबदार, जणू तंटामुक्तीचा अध्यक्ष. मागून बघितलं तर विंचू! शेपटी आभाळात, खाली ट्रॅक्टरला शोभेल असं रुंद टायर आणि वर साबणाच्या वडीएवढी सीट. लाल टाकी जिथं संपत होती तिथून काळा रंग सुरू होत होता.

"हे काय हाय?" दादा म्हणाला.

"दोघांचं बी मन राखलंया," मिस्त्री अभिमानानं म्हणाला.

दादा गाडीभोवती फिरला. मागं आल्यावर तोंड वाकडं करायचा, पुढं गेल्यावर सरळ. मग किक मारली आणि गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली! दादाचं तोंड बदललं. काही वर्षं कमी झाल्यासारखं दिसलं.

"बाळ्या," तो म्हणाला, "शुभीच्या साखरपुड्याला हिच्यावरच जायाचं. दोघं. पोरीला दिसू दे आपण कसं जात हुतो ते."

शुभांगी दादाची एकुलती एक. साखरपुडा हातकणंगल्याला, मुलाकडच्यांच्या गावात. मी लगेच हो म्हणालो. सीट एकट्यापुरती आहे हे दोघांपैकी एकालाही बोलून दाखवायचं नव्हतं.

साखरपुड्याच्या सकाळी शैलानं सोफ्याची उशी शेपटीवर सुतळीनं बांधून दिली.

"मी बसनं जाते," ती म्हणाली. "दोघांपैकी एकानं तरी जेवणाला पोचलं पाहिजे."

दादा पुढं बसला, मी मागं चढलो. मागं म्हणजे वर! शेपटी इतकी उंच की माझी हनुवटी दादाच्या हेल्मेटच्या वर. कोल्हापूर सोडलं आणि रस्त्यातली माणसं थांबून बघायला लागली. एक रसवंतीवाला तर ओरडला, "पावणं, माडीवर जागा हाय का?" मागं निळ्या धुराचा पट्टा, पांढऱ्या शर्टावर ऑइलचे शिंतोडे. कंबरेतून कळ डोक्यापर्यंत जात होती.

आणि मी खूश होतो. खरंच सांगतो. दोन्ही हात दादाच्या खांद्यांवर होते. खांदे पूर्वीपेक्षा बारीक लागले. तो वाऱ्यात काहीतरी ओरडून सांगत होता, मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि मी "व्हय, व्हय" करत होतो. पाचेक मैल आमचं इतकं छान जमलं!

आता एक तांत्रिक बाब. मिस्त्रीनं आधी माझं बुटकं हँडल बसवलेलं, आणि त्या मापानं ॲक्सिलरेटरची केबल छोटी केलेली. मग रविवारी दादाचं ऐकून हँडल उंच लावलं. केबल तीच. हँडल सरळ असेपर्यंत सगळं ठीक. हँडल वळवलं की केबल ताणायची आणि गाडी आपोआप पळायला लागायची.

हातकणंगल्याचा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. पहिलं खरं वळण हॉलच्या कमानीचं.

दादानं झोकात हँडल वळवलं. गाडी किंचाळली.

"कमी कर की!" मी.

"म्या कुठं वाढीवलीया!" दादा.

"ब्रेक!"

"लावलाय!"

लावला होता. पण पुढचा ब्रेक दाबल्याबरोबर मी शेपटीवरून उशीसकट घसरलो आणि दादाच्या पाठीवर स्वार झालो. दादाचा हात ब्रेकवरून सुटला. गुलाबपाण्याच्या मुली एकीकडं, अत्तराचे काका दुसरीकडं. आम्ही कमानीच्या शेजारून, कनातीखालून, आचाऱ्याच्या मांडवात. समोर मठ्ठ्याचं पातेलं, आणि पातेल्याजवळ पळी तोंडाला लावून मीठ बघत असलेले मुलाचे वडील.

लागलं कुणालाच नाही. पण पांढरे शुभ्र मात्र सगळे झाले. होणारे व्याही फेट्यापासून चपलेपर्यंत. मिशीला कोथिंबीर.

सगळा हॉल बाहेर आला. वहिनी आल्या, शैला आली, साडी सावरत शुभांगी आली. त्या वेळी दोघांपैकी एकानं जरी हसून घेतलं असतं! दादानं हेल्मेट काढलं. त्यातून मठ्ठा ओघळला.

"तुझ्या फॅशनपायी झालं ह्ये."

"माझ्या? हँडल कुणी बदलायला लावलं?"

"गाडी माझ्या नावावर हाय!"

"सगळंच तुमच्या नावावर आहे की. विहीर बी तुमचीच."

दादाला मी जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालो. ते त्याला पातेल्यापेक्षा जोरात लागलं.

"आबा दवाखान्यात हुते तवा कुठं गेलतास?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "दुकानात काचा पुसत बसलातास."

"मला सांगितलं कुणी? मेव्हण्याला फोन केलात, चुलत्याला केलात. मला गावातल्या माणसानं सांगितलं. तोवर आबा गेलेले, घरी आणलेलं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता नगो." शैला म्हणाली, "अहो, पुरे." शुभांगी मागं सरली. मेंदी लावलेल्या हातांनी तोंड झाकून उभी राहिली. मला वाटलं हसते आहे. हसत नव्हती.

तेवढ्यात होणाऱ्या व्याह्यांनी मिशीतली कोथिंबीर काढली आणि शांतपणे म्हणाले, "चालू द्या, पावणं. आमच्यात बी असंच हाय. माझा धाकटा भाऊ तर आलाच न्हाय."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. घराणी तोलामोलाची निघाली!

साखरपुडा झाला. चांगला झाला म्हणतात. मी आचाऱ्याच्या बंबावर शर्ट वाळवत होतो. घरच्या फोटोला मला बोलवायला कुणी आलं नाही, आणि मीही आपणहून गेलो नाही. जेवणात मठ्ठा नव्हता. पंगतीत चारदा त्याची चौकशी झाली, आणि चारही वेळा वाढप्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

गाडी त्याच रात्री उद्यमनगरात परत गेली. दुसऱ्या दिवशी दादानं पांडू मिस्त्रीला फोन केला. माझा पुढचा भाग मला काढून पाठव, मागचं ज्याचं त्याला दे. त्याच दुपारी मी जाऊन म्हणालो, माझी मागची बाजू सोडवून ठेव, पुढचं त्यांना दे. रागात माणूस बोलतो. कोणताही शहाणा मिस्त्री दोघांना बसवून चहा पाजेल, म्हणेल, डोकं फिरलंय का?

आमचा म्हणाला, "व्हय की!"

आणि केलं! हँडल, हेडलाइट, टाकी, पुढचं चाक शिरोळला टेम्पोनं गेलं. रुंद टायर, शेपटी आणि सीट माझ्या गॅलरीत आली. शैला त्यावर तुळशीची कुंडी ठेवायची म्हणत होती, पण कुंडी घसरते.

इंजिनाचं काय, असं मिस्त्रीनं दोघांनाही विचारलं.

"ते मधी हाय वो. तुम्ही दोघं बोलून ठरवा," तोच पुढं म्हणाला.

आम्ही अजून बोलतोय. म्हणजे मी वाट बघतोय दादा फोन करेल म्हणून, आणि वहिनी शैलाला सांगतात की दादा वाट बघतोय. शुभांगीचं लग्नसुद्धा झालं. पत्रिका आली ती शैलाच्या नावानं. मी गेलो, अक्षता टाकल्या, लांबूनच बघितलं. या खेपेला 'बरं हाय?' एवढंसुद्धा झालं नाही.

मिस्त्रीनं पावसाळाभर वाट बघितली. मग इंजिन गंजायला नको म्हणून त्यानं ते आपल्याकडच्या एका सांगाड्यात बसवलं. काय बसवलंय! रोज संध्याकाळी तो त्या गाडीवर माझ्या दुकानावरून जातो. एक झटका नाही, एक अडखळणं नाही. हात वर करून मला नमस्कार करतो, मीही करतो.

परवा डोळे तपासायला आलेलं एक गिऱ्हाईक माझ्यामागोमाग दारात आलं आणि खुळ्यासारखं बघत राहिलं.

"काय पळतीया वो! कुणाची गाडी?"

"आमची," मी म्हणालो. "आम्हा दोघा भावांची."

"मग तुम्ही का चालवत न्हाय?"

"माझ्या वाट्याला सीट आलीया," मी म्हणालो. "बसून हाय."