हिरडा औषध नाही याचा दाखला

आमची गिरणी घोडेगावातून डिंभ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. सासऱ्यांनी टाकलेली. आम्ही बौद्ध. सुरुवातीची दोन-तीन वर्षं गावातली बरीच घरं आमच्याकडे दळण टाकायची नाहीत. मग दुसऱ्या गिरणीची मोटर जळली, दुरुस्तीला महिना लागला, तेव्हा ती नाइलाजाने आली आणि पीठ बारीक पडतं म्हणून राहिली. सासरे थकल्यावर गिरणी मी बघायला लागले, कारण आमचे मिस्टर आश्रमशाळेत शिक्षक आणि त्यांना जात्याचा पट्टा चढवायचा म्हटलं तरी घाम फुटायचा.

हिरड्याचा धंदा आपसूक सुरू झाला. डिंभ्याच्या वरच्या वाड्यांतून एक कोळी मावशी आमच्याकडे नाचणी दळायला यायची. सीझनला ती रानातून हिरडा गोळा करून व्यापाऱ्याला घालायची. एकदा तिच्या वाडीवर बंगळूरच्या एक बाई आल्या. त्या कापड रंगवायला शिकवत. रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यासाठी त्यांना हिरड्याची पूड हवी होती. मावशी त्यांना थेट गिरणीत घेऊन आली.

"हिला दळून दे," मावशी म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, गव्हाच्या जात्यात हिरडा घालू? चिमूटभर पिठात गेला तरी उद्या सगळं गाव तांब्या घेऊन पळंल."

मागच्या शेडमध्ये मिरची कांडायचं जुनं मशीन पडून होतं. ते दोन दिवस धुतलं, घासलं आणि हिरड्यासाठी वेगळं काढलं. बंगळूरच्या बाईंनी पूड नेली, त्यांच्या विद्यार्थिनींनी मागवली, मग अहमदाबाद, कोलकाता, नागपूर असे फोन येऊ लागले. मंचरला कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर होते. त्यांनी दोन पानांची वेबसाइट करून दिली. तिच्यावर पुडीचे फोटो, भाव आणि आमचा फोन नंबर.

अडचण पैशांची होती. लोक त्यांच्या गावच्या बँकेत जाऊन आमच्या खात्यात रोख भरायचे आणि फोन करायला विसरायचे. मी बँकेत जाऊन विचारायची, "हे कुणी भरले?" साहेब पासबुकाकडे बघून म्हणायचे, "कोलकाता ब्रँच." कोलकात्यात आमची चार गिऱ्हाइकं. निम्मे लोक तर बँकेत जायच्या कंटाळ्यानेच माल मागवायचे नाहीत.

बंगळूरच्या बाई म्हणाल्या, "वेबसाइटवर कार्डाने पैसे घ्यायची सोय करा. दोन दिवसांचं काम आहे."

त्या दोन दिवसांवर मी विश्वास ठेवला.

कार्डाचे पैसे मध्ये एक कंपनी घेते आणि स्वतःचा वाटा कापून उरलेले आपल्या खात्यात टाकते, हे मंचरच्या सरांनी समजावलं. त्यांनी मुंबईच्या एका कंपनीचे फॉर्म काढून दिले. करंट खातं पाहिजे, पॅन कार्ड पाहिजे, दुकानाचा परवाना पाहिजे, रेघ मारलेला चेक पाहिजे. शिवाय वेबसाइटवर माल परत घ्यायचे नियम लिहिलेले पाहिजेत. मिस्टरांनी ते नियम शाळेच्या सूचना लिहितात तसे लिहिले, 'पाकीट फोडलेले असल्यास कोणतीही सबब ऐकली जाणार नाही,' आणि सरांनी त्याचं इंग्रजी केलं. हे सगळं जमवायला सव्वा महिना गेला. त्या दिवसांत आमच्याकडे दिवसातून बारा-बारा तास लाइट नसायची. लाइट आली की गिरणीसमोर डब्यांची रांग लागायची, आणि त्याच वेळेला फॉर्म भरायला सरांनी दिलेला जुना कॉम्प्युटरही चालू करायचा. पिठाच्या हाताने कीबोर्ड दाबून दाबून त्याची अक्षरं दिसेनाशी झाली.

कागद गेले. पंधरा दिवसांनी सरांच्या पत्त्यावर ईमेल आला. सर मंचरहून मोटरसायकलवर ते छापून घेऊन आले आणि गिरणीच्या दारातच वाचलं. आमचा माल औषधात मोडतो, तरी औषध विक्रीचा परवाना जोडावा, नाहीतर अर्ज रद्द.

मी कंपनीला फोन लावला. माझं हिंदी टीव्हीवरचं, पण रागात बरं येतं. तिकडच्या माणसाला मी सांगितलं, हे औषध नाही, कापडाला लावायचं आहे.

तो म्हणाला, "मॅडम, मी बघितलंय, हिरड्याचं चूर्ण पोटासाठी घेतात."

"घेत असतील. मी पोटासाठी विकत नाही."

"पण कुणी घेतलं तर?"

"चुनाही कुणी खाईल. चुनेवाल्याकडं परवाना मागता?"

तो म्हणाला, "मॅडम, माझ्यासमोर जी यादी आहे तिच्यात चुना नाही, हिरडा आहे."

मिस्टर म्हणाले, "अगं, मागताहेत तर काढून टाकू परवाना." त्यांना वाटलं, रेशन कार्डात नाव वाढवण्यासारखं काहीतरी असेल. एका सोमवारी गिरणी बंद ठेवून मी सकाळच्या एसटीने पुण्याला गेले. औषधांच्या परवान्याचं ऑफिस शोधण्यात बारा वाजले. खिडकीवरच्या क्लार्कने माझ्या पिशवीतली पूड बघितली, हुंगली आणि विचारलं, "खायला देता?"

"नाही. कापडाला."

"पाकिटावर कुठला आजार बरा होतो असं लिहिलंय?"

"नाही."

"मग इथं कशाला आलात? याला परवाना लागत नाही."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या बाकावर बसलेच. मग म्हटलं, "साहेब, परवाना लागत नाही एवढं एका कागदावर लिहून द्या."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने चष्मा काढून मला नीट समजावलं. ज्याला परवाना लागतो त्याला आम्ही परवाना देतो. ज्याला लागत नाही त्याला काही देत नाही. नाहीतर उद्या खराटे विकणारा येईल आणि म्हणेल, मला लागत नाही असं लिहून द्या.

"खराटेवाल्याला कुणी मागत नाही, साहेब. मला मागतात."

"मग ज्यांनी मागितलं त्यांना विचारा."

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सुचवलं, निदान अर्ज तरी देऊन जा. मी तिथेच वहीची पानं फाडून दोन प्रतींत अर्ज लिहिला, की मी कापड रंगवण्यासाठी हिरड्याची पूड विकते, तरी याला परवाना लागत नसल्याचे कळवावे. त्यांनी त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर टाकून गोल शिक्का मारून दिला. उत्तर कधी येईल, असं विचारल्यावर त्या नुसत्या हसल्या.

घरी येऊन मी तो शिक्क्याचा कागद सरांकडे दिला आणि म्हटलं, हेच पाठवा, दुसरं काही माझ्याकडे नाही. चौथ्या दिवशी कंपनीचा ईमेल आला की आपला अर्ज मंजूर झाला आहे. कागद मराठीत होता, तिथं कुणी वाचलाच नसावा. शिक्का गोल होता एवढं बघितलं असेल.

वेबसाइटवर कार्डाने पैसे भरायचं बटण आलं. पहिल्या ऑर्डरीचे पैसे खात्यात जमा झाले तेव्हा मिस्टरांनी शाळेत पेढे वाटले. तीन महिने बरे गेले. मावशीच्या वाडीतल्या आणखी दोन घरांचा हिरडा मी घ्यायला लागले.

मग एका शुक्रवारी बटण बंद. ऑर्डर येईनात म्हणून सरांनी बघितलं तर कंपनीने फेरतपासणी काढली होती. औषध परवाना जोडावा. मी तोच कागद पुन्हा पाठवला. या वेळी बहुतेक तिथे कुणी मराठी वाचणारं बसलं होतं. फोन आला, "बाई, हा तर तुमचाच अर्ज आहे. परवाना कुठंय?"

"मागच्या वेळी हाच चालला होता."

"मागच्या वेळचं मला माहीत नाही. मी नवीन आहे."

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पुण्याची खिडकी, खराटेवाला, सगळं. त्याने ऐकून घेतलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही नाव का बदलत नाही? हिरडा असं लिहूच नका. यादीत फक्त नाव बघतात."

मला ते पटेना. जी वस्तू आहे तिचं नाव लपवायचं, म्हणजे मीच काहीतरी भलतं विकते असं होतं. दोन दिवस मी तशीच धुसफुसत होते. मावशीने विचारलं, "आमचा माल घेशील का न्हाई?" घरात तिने तीन पोती भरून ठेवली होती. मी सरांना फोन करून सांगितलं, बदला नाव. हिरड्याच्या जागी 'कापड रंगवण्याची नैसर्गिक पूड' आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण चालू.

जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, तुम्ही हिरडा बंद केला का? मी प्रत्येकाला सांगायचे, तीच पूड, नाव तेवढं वेगळं. नागपूरच्या एका बाईंना मात्र मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन किलो मागवली, मी पाठवली. महिन्याभराने कंपनीने कळवलं की त्या गिऱ्हाइकाने हा व्यवहार आपला नसल्याचं बँकेला सांगितलं आहे, त्यामुळे ती रक्कम आमच्या पुढच्या पैशांतून कापली आहे.

मी चिडूनच नागपूरला फोन लावला. "ताई, पार्सल मिळालं ना तुम्हाला?"

"मिळालं की. छान आहे पूड. चार साड्यांना वापरलीसुद्धा."

"मग हा व्यवहार माझा नाही असं बँकेला का सांगितलंत?"

त्या घाबरल्याच. त्यांच्या कार्डाच्या बिलावर मुंबईच्या त्या कंपनीचं नाव होतं, आमचं नव्हतं. त्यांनी फोटो बघून हिरडा मागवला होता आणि ऑर्डरीच्या ईमेलमध्ये कसल्यातरी पुडीचं नाव होतं. त्यांना वाटलं कुणीतरी आपलं कार्ड वापरलं. त्या निवृत्त शिक्षिका, मुलाने नुकतंच कार्ड दिलेलं. "अहो, मला तुमचं दळणाचं दुकान आहे एवढंच ठाऊक," त्या म्हणाल्या. "मी आजच बँकेत जाते."

त्या गेल्या. बँकेने सांगितलं, प्रकरण मिटलं आहे, आता मागे घेता येत नाही. मी कंपनीला सांगितलं, गिऱ्हाईक स्वतः म्हणतंय पैसे द्यायचे आहेत. कंपनी म्हणाली, गिऱ्हाइकाने बँकेला सांगावं. या दोघांच्या मध्ये आम्ही दोघी आठ दिवस फोन करत होतो. शेवटी नागपूरच्या ताईच म्हणाल्या, "मी पुन्हा तीच ऑर्डर टाकते आणि पैसे भरते. तुम्ही माल पाठवू नका, म्हणजे मागचं फिटलं."

मला ते फार आवडलं. त्यांनी ऑर्डर टाकली, पैसे गेले. आता या वेळी कंपनीने आमच्यावर नजर ठेवली होती. पार्सल पाठवल्याच्या पावतीचा नंबर टाकल्याशिवाय पैसे सोडणार नाही, म्हणाली. मी जुन्या पार्सलचा नंबर टाकला. लाल अक्षरात आलं, हा नंबर आधी वापरलेला आहे.

मिस्टर म्हणाले, "रिकामं खोकं पाठव."

"पावतीवर वजन असतं, अहो. ऑर्डर दोन किलोची."

"मग वीट घाल."

त्या बाईंना वीट पाठवायची मला लाज वाटली. त्यांनी बिचाऱ्यांनी केवढी धावपळ केली होती. मावशीच्या शेतातला नवा तांदूळ घरात आला होता, तो दोन किलो मोजून कापडी पिशवीत शिवला, वर पत्ता लिहिला आणि घोडेगावच्या पोस्टात नेऊन दिला. पोस्टमास्तरांनी विचारलं, आत काय? मी म्हटलं तांदूळ, आणि त्या दिवसांत कुणाला तरी सरळ उत्तर देऊन मोकळं झाल्याचा मला आनंद झाला. पावतीचा नंबर सरांनी भरला. आठव्या दिवशी पैसे आले, कंपनीचा वाटा दुसऱ्यांदा कापून.

तांदूळ पोचल्यावर ताईंचा फोन आला. त्यांना आधी वाटलं, पुन्हा काहीतरी घोटाळा झाला, आणि त्या पिशवी न उघडताच माझा फोन लागायची वाट बघत बसल्या होत्या. आमची लाइट गेलेली, मी गिरणीत नव्हते, घरचा फोन खराखरा वाजून बंद पडायचा. तिसऱ्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे मी तुमच्या तांदळाचे पैसे देऊ का आता?"

"देऊ नका, ताई," मी म्हटलं. "तुम्ही पैसे दिलेत की मला काहीतरी पाठवावं लागतं."

त्यानंतर मी एक केलं. प्रत्येक पाकिटात हाताने लिहिलेली चिठ्ठी घालायला लागले, की बिलावर अमुक कंपनीचं नाव येईल, ते आम्हीच, आणि ही पूड म्हणजे हिरडाच. ऑर्डर आल्यावर फोन करून तेच तोंडी सांगायचे. बटणामुळे फोन वाचतील असं बंगळूरच्या बाई म्हणाल्या होत्या, पण माझे फोन दुप्पट झाले. तरी कोलकात्याचे आणि अहमदाबादचे लोक बँकेत न जाता माल मागवू लागले हे खरं, आणि पुढच्या सीझनला मावशीच्या वाडीतल्या पाच घरांचा हिरडा आमच्या शेडमध्ये वाळत होता. पुण्याच्या ऑफिसातून माझ्या अर्जाचं उत्तर मात्र आलं नाही. आवक नंबरचा तो कागद मी अजून फाइलला लावून ठेवला आहे, कारण कोण कधी काय मागेल याचा आता मला भरवसा राहिलेला नाही.