सुईचं सोवळं

आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांइतकं पाणी उकळलेला दुसरा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल, आणि गंमत म्हणजे ते चहा पीत नसत. मुकुटबनच्या पलीकडे, कोलाम आदिवासींच्या वस्त्यांना लागून असलेल्या एका गावात मी नवाकोरा डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा सगळ्यात आधी कानावर पडला तो त्यांच्या स्टोव्हचा फरफराट. साठ-एकसष्टचे दिवस. काचेच्या दोन पिचकाऱ्या आणि सात सुया एवढीच आमची दौलत. एका माणसाला टोचलेली सुई दुसऱ्याला लावण्याआधी पातेल्यात जायची आणि पाणी खळखळून उकळायला लागल्यावर वीस मिनिटं मोजली जायची. भिंतीवरच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ते मनगटावरचंही बघत, आणि दोन्हींत फरक पडला की जास्तीचा वेळ धरत.

"सुई रक्ताचा कण संगती घेऊन येते, डाक्टरसाहेब," ते मला समजावत. "त्या कणात कोण बसून आहे, तुमाले दिसते काय? मले तं नाही दिसत."

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लष्करी इस्पितळात वॉर्डात कामाला होते. टोचून घेतलेले धडधाकट जवान दोन-तीन महिन्यांनी हळदीसारखे पिवळे पडताना त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून टोकदार वस्तू दिसली की ती उकळावी, हा त्यांचा धर्मच झाला. कुणाच्या पोराचे कान टोचायचे असले की हे सोनाराच्या आधी हजर. न्हाव्याचा वस्तरा त्यांनी एवढ्यांदा उकळला, की त्याची मूठ निखळली आणि न्हाव्याने महिनाभर त्यांची दाढी करायचं नाकारलं. बाजारात एक गोंदणारी बाई बसायची. तिच्या शेजारी आपला स्टोव्ह मांडून हे म्हणाले, "बाई, तू गोंद बिनधास्त. फक्त सुई मले दे." तिने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण चार बाजारांनंतर बायका येऊन तिलाच विचारायला लागल्या, "उकडेल सुई आहे ना वो?" मग ती स्वतःच त्यांची वाट पाहू लागली.

हे सगळं मी मित्रांना पत्रांतून कळवायचो आणि भरपूर हसायचो. खरं म्हणजे मला हसायचा हक्क नव्हता. काविळीचा विषाणू तेव्हा कुणी पाहिला नव्हता, पण तो चांगल्या दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात मुक्काम ठोकून राहतो आणि सुईबरोबर दुसऱ्याच्या अंगात उतरतो, हे आमच्या पुस्तकात होतं. नागपूरला परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. कंपाउंडरांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मी पाठ केलं होतं, एवढाच काय तो फरक.

मग शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि बाजाराच्या दिवशी लस टोचून घ्यायला सारं गाव लोटलं. ऊन वाढत होतं, रांग वाढत होती आणि स्टोव्हवर सुया निवांत उकळत होत्या. माझा पारा चढला. कंपाउंडरांचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरांपैकी. मी रांगेला ऐकू जाईल असा ओरडलो, "जुनं सगळं सोडलंत आणि सोवळं तेवढं धरून बसलात होय?"

लोक हसले. कंपाउंडर नाही हसले. "हे सोवळं सुईचं आहे साहेब, माणसाचं नाही."

"स्पिरिटने पुसा आणि द्या इकडे."

"मी नाही देत."

मग मीच पिचकारी उचलली आणि पुसून पुसून भराभर टोचत सुटलो. ते रांगेतून फिरत एकेकाला सांगत होते, "उद्या ये बाप्पा, उद्या ये." काहींनी ऐकलं. बाकीच्यांनी डॉक्टरचं ऐकलं.

तीन महिन्यांनी मी टोचलेल्यांतल्या पाच जणांचे डोळे पिवळे झाले. चौघं उठले. आम्हाला दूध घालणाऱ्या गवळ्याची सून पोटुशी होती, ती उठली नाही.

चौकशीला वरून साहेब आले. सुया उकळण्याचं काम कुणाचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "कंपाउंडरांचं." ते खोटं नव्हतं. त्याच्या पुढचं मी बोललो नाही. कंपाउंडर माझ्याकडे वळले. ते सांगतीलच, असं मला वाटत होतं. त्यांनी सांगितलंही, "डाक्टरसाहेबांनीच टोचलं, मी नाही म्हणत होतो." पण चौकशीच्या साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. डॉक्टरपुढे कंपाउंडरचा शब्द तो काय! त्यांची बाभुळगावकडे बदली झाली आणि पगारवाढ रोखली गेली.

जायच्या दिवशी ते दवाखान्यात आले. मी काही बोलायला तोंड उघडलं.

"ते मंग," ते म्हणाले. "पह्यले स्टोव्ह पेटवा. मी पाहून राह्यलो."

मी पेटवला. पाणी उकळलं. वीस मिनिटं ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते आणि मी पातेल्याकडे. मग ते म्हणाले, "आता बरोबर," आणि पिशवी उचलून गेले.

अडुसष्ट साली मी बाभुळगावला त्यांचं घर शोधत गेलो. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. ते आदल्या हिवाळ्यात गेले होते. मी नाव सांगितलं आणि उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं, रांगेपासून चौकशीपर्यंत.

"माहीत आहे मले," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या."

मी बसलो.

"वाट पाह्यत होते तुमची. मी म्हनो, काहून येईन तो डाक्टर? तं म्हनत, येते, येते. लय घाईचा माणूस आहे तो, लवकरच येईन."

मला यायला सात वर्षं लागली होती.