बिनपट्ट्यांची बेस

आमच्या घरात कुठलीही वस्तू बापाने ठोकून बघितल्याशिवाय आत येत नसे. लालबागच्या चाळीत असताना शेजारीपाजारीसुद्धा पंखा घ्यायचा, सायकल घ्यायची, की त्याला सोबत न्यायचे. गिरणीत फिटर होता तो. दुकानात उभा राहून वस्तूचा एकेक स्क्रू हलवून बघायचा, दुकानदाराला पार रडकुंडीला आणायचा आणि मग मान हलवायचा. ती मान हलली की लोक पाकिटाला हात घालायचे. मग गिरणी बंद पडली, चाळीतली खोली विकून आम्ही मीरा रोडला वन रूम किचनमध्ये आलो आणि इथे त्याला कुत्रं विचारेना. शेजारी गुजराती, समोर यूपीवाले, वरती केरळचे. त्याने मान हलवली काय, नाही हलवली काय, कुणाला पडलेली नव्हती.

तेव्हापासून तो घरात बसून खेकसायचा. सगळ्यात जास्त माझ्यावर. मीही काही कमी नव्हतो, तोंडाला तोंड द्यायचो. शेवटी आम्ही बोलणंच टाकलं. जे काय सांगायचं ते आईच्या मार्फत. माझ्यापासून दोन हातांवर बसून तो म्हणायचा, "त्याला सांग, पंखा बंद कर." मी आईला म्हणायचो, "त्यांना सांग, मला उकडतंय." आई पोळ्या लाटत राहायची आणि पंखा फिरत राहायचा.

अशात नया नगरमधल्या एका ऑर्केस्ट्राचा बेसवाला, म्हणजे खर्जातली गिटार वाजवणारा, दुबईला निघून गेला. मी कॉलेजात दुसऱ्यांच्या गिटारी मागून मागून बेस शिकलो होतो, हे त्यांच्या लीडरच्या कानावर होतं. येत्या रविवारी स्वतःची बेस घेऊन ये, नाहीतर माझ्याकडे दुसरा तयार आहे, असं त्याने तोंडावर सांगितलं. दिवसभर कुरियरच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के मारून माझा जीव विटला होता. मला ती जागा हवीच होती. पण दुकानातली नवी बेस म्हणजे माझ्यासाठी काचेतून बघायची गोष्ट.

भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावात एक म्हातारा होता, लग्नाच्या बँडात आयुष्य काढलेला. त्याच्याकडे एक बेस पडून आहे असं कळलं. भाईंदरहून बस पकडून गेलो. त्याने पलंगाखालून चादरीत गुंडाळलेली बेस काढली. गिटारच्या मानेवर पितळी पट्ट्या असतात ना आडव्या, फ्रेट म्हणतात त्यांना, त्या हिला नव्हत्याच. मानेवर एक गुळगुळीत शिसवी फळी चिकटवलेली, तिच्यावर साधी खूणसुद्धा नाही. पट्ट्या असल्या की सूर आयता जागेवर मिळतो. नसल्या की बोट नेमकं कुठे ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. म्हणूनच ती कुणी घेत नव्हतं आणि म्हणूनच ती माझ्या खिशाला झेपत होती. म्हातारा म्हणाला, "पट्ट्या न्हाय हिला. कान हाय तर घे."

मी वाजवून बघितली. बोट सरकवलं तर सूर तुटला नाही, सरोदवर घसरतो तसा घसरत गेला. मी तिथेच खलास. पैसे दिले आणि बसमध्ये ती मांडीवर आडवी घेऊन बसलो, कंडक्टर बोंबलला तरी.

घरी बापाने ती उलटीपालटी करून बघितली. मग आईकडे तोंड करून म्हणाला, गंडवलंय त्याला, अर्धवट माल गळ्यात मारलाय. मी आईला म्हटलं, सांग त्यांना, ही मुद्दामच अशी केलेली असते. तर म्हणे, मुद्दाम बिनदातांचा कंगवा कोण विकत घेतो, विचार त्याला. आणि एवढं बोलून थांबला असता तर तो बाप कसला. म्हणाला, घ्यायच्या आधी घरात कुणाला विचारायची पद्धत असते. मी म्हटलं, पद्धत गेली गिरणीबरोबर. आईने लाटणं खाली ठेवलं.

गुरुवारी ऑफिसातून आलो तर बाप दारातच उभा. बनियनवर, हात मळलेले. बेस पलंगावर होती. तिच्या मानेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चकचकीत पितळी पट्ट्या. दिवसभर बसून त्याने करवतीने खाचा पाडल्या होत्या, पट्ट्या कापून ठोकल्या होत्या, कानशीने घासून कडा मऊ केल्या होत्या. काम असं, की नख अडकणार नाही.

"वाजव आता," तो म्हणाला.

मला म्हणाला. आईला नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. खऱ्या गिटारच्या पट्ट्या खाली येता येता एकमेकींच्या जवळ येत जातात, सुराचा हिशोबच तसा असतो. बापाने त्या खिडकीच्या गजांसारख्या बसवल्या होत्या, सगळ्या सारख्या अंतरावर, एक सूत इकडची तिकडे नाही. मी बेस मांडीवर घेतली आणि त्याच्याकडे बघत बघत सा रे ग म वाजवला. सा ठीक. रे आजारी. ग तर मेलेलाच. चाळीच्या भजनात हा माणूस पेटी धरायचा, त्याला कान होता. त्याचं तोंड कसंनुसं होत गेलं. तरी मी थांबलो नाही, वरपर्यंत वाजवलं.

"दे इकडे," तो म्हणाला. पक्कड आणली आणि एकेक पट्टी स्वतः उपटली. फळीचे टवके उडाले. मग पट्ट्या गोळा करून डब्यात टाकल्या आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, जेवायलासुद्धा आला नाही.

शुक्रवारी मी खाचांमध्ये लांबी, म्हणजे सुताराची पुट्टी, भरली. वाळल्यावर मानेवर पांढऱ्या रेघा उमटल्या, आणि त्यातली एकही खरी नव्हती. खाली नजर गेली की बोट त्या रेघेकडे जायचं आणि सूर फसायचा. शनिवारभर मी समोरच्या भिंतीकडे बघून वाजवत बसलो. रविवारी ऑर्केस्ट्रासमोरही तसाच, मान वर करून. गाणं संपल्यावर लीडरने विचारलं, "नीचे क्यों नहीं देखता?" मी म्हटलं, "नीचे सब झूठ लिखा है." तो हसला. जागा मिळाली, पण ॲम्प्लिफायर आपापला आणायचा म्हणाला.

घरी येऊन मी आईला सांगितलं, काम झालं. बाप पेपरामागे होता, पेपर हलला नाही. काशीगावात एक मंडपवाला जुने ॲम्प्लिफायर विकायला काढतोय असं कळलं होतं. मी मग आईला म्हटलं, त्यांना सांग, पुढच्या रविवारी ॲम्प्लिफायर बघायला जायचंय. पेपरामागून आवाज आला, त्याला सांग, मला वेळ नाही.

रविवारी मी चपला घालायला गेलो तर तो इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात उभा. वरच्या खिशात टेस्टर. रिक्षात आम्ही दोन टोकांना तोंडं करून बसलो. मंडपवाल्याच्या गोडाउनमध्ये त्याने पहिल्या ॲम्प्लिफायरचं मागचं झाकण उघडायला लावलं. दुसऱ्याचं उघडायला लावलं. वायरी ओढून बघितल्या, बटणं पिरगाळली, मंडपवाल्याला घाम फोडला. तिसऱ्यापाशी बराच वेळ उकिडवा बसला. मग उठला, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता मंडपवाल्याला म्हणाला, "याला सांगा, हा घे म्हणावं."

मंडपवाला दोघांकडे बघत राहिला. मी पाकिटाला हात घातला.