पायी जायला हरकत नव्हती

मंडळी, आज दुपारी खेडजवळच्या एका गावात मी खोटं बोललो. अजून तिथेच गाडीत बसून आहे.

आमची कंपनी ड्रोनने पुलांचे फोटो काढते, एआय त्यातल्या भेगा शोधतं आणि रिपोर्टवर सही मी करतो. इथल्या जुन्या पुलाचा एक खांब खराब निघाला, तेव्हा 'पूल पूर्ण बंद करावा' असं मीच लिहिलं होतं.

आज पुन्हा तपासणीला आलो. पुलाजवळच्या घरातल्या काकू पाणी घेऊन आल्या.

"साहेब, गेल्या महिन्यात आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर पलीकडे. पोरं बोलली, खाटेवर घालून पुलावरून नेतो. मीच नको बोलले. फलकावर धोका लिहिलंय ना. मग जीपने लांबून फिरून निघालो, तर हे वाटेतच गेले." माझ्याकडून तांब्या परत घेत त्यांनी विचारलं, "चार माणसं चालली असती तर पूल पडला असता काय हो?"

नसता पडला. धोका फक्त वाहनांना होता. घाईत मी तेवढा फरक लिहिलाच नव्हता.

"हो काकू, पडला असता," मी म्हणालो.

"मग बरं केलं मी," म्हणत त्या रिकामा तांब्या घेऊन घरात गेल्या.

आता नव्या रिपोर्टमध्ये 'पायी जाण्यास हरकत नाही' असं लिहावंच लागेल, नाहीतर आणखी कुणाचा जीव जाईल. मग फलक बदलेल, आणि काकूंना वाचता येतं.

त्याआधी मीच जाऊन त्यांना खरं सांगायला हवं. पण कुठल्या तोंडाने सांगू?