माझ्यापुढची करवंटी

आप्पांच्या वाडीत, मागच्या अंगणात, पायरीखाली करवंट्या ओळीने पालथ्या घातलेल्या असायच्या. नारळाच्या. त्या आमच्या. मजुरांना चहा त्यातच. आय केळींना पाणी लावून, मोगरा तोडून यायची, आपली करवंटी उचलून विसळायची आणि दोन्ही हातांनी पुढे धरायची. आप्पांची सून वरून ओतायची. किटली करवंटीला लागणार नाही इतक्या वरून. कढत थेंब आयच्या मनगटावर उडायचे. आय हात हलवायची नाही. हलवला तर चहा सांडतो.

मी लहान होते. एकदा म्हटलं, "मला कपात द्या ना."

आप्पा झोपाळ्यावर होते. म्हणाले, "कपात पिऊन काय कलेक्टर होणार?" मग आयला म्हणाले, "पोरीला जरा शिकव गं."

आयने शिकवलं. तिथेच, सगळ्यांसमोर. गालावर पाची बोटं उठली.

आमचं घर आप्पांच्याच वाडीच्या कोपऱ्यात. कुडाच्या भिंती आमच्या, खालची जमीन त्यांची. बापूस त्यांचा पंप सांभाळायचा. भाडं नाही. त्याच्या बदल्यात हाक आली की जायचं. अंगात ताप असला तरी जायचं. आप्पांना नाही म्हणता येतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

मी शिकले. आश्रमशाळा, मग वसईचं कॉलेज. बी.ए. झाले. आमच्या आदिवासी पाड्यातली पहिली. हे मी कुठेही आणि कुणालाही सांगते. लाजायचं काय त्यात.

राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं, संविधानात दुरुस्ती झाली. गावच्या पंचायती नावाला उरल्या होत्या. निवडणुका वर्षानुवर्षं लांबत होत्या, दोन-चार घरं कारभार हाकत होती. आता दर पाच वर्षांनी निवडणूक घ्यावीच लागणार. बायांना जागा. आदिवासींना जागा. ग्रामसभेला मान. मागच्या बाकावरून कुणी विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" माझ्या अंगावर काटा आला होता. दिल्लीत बसून कुणीतरी आमच्या वाडीचं मागचं अंगण बघितलं, असं वाटलं मला.

तेवढी मी भोळी होते.

आमच्या गावचं सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव झालं आणि आप्पा आमच्या दारात आले. जन्मात पहिल्यांदा. बापसाने खाट झटकली. आप्पा बसले नाहीत.

"पोरीला उभी करतोय," ते म्हणाले. "शिकलेली आहे, सही फर्डी करेल. बाकीचं बघायला आम्ही आहोत."

"तुमी म्हनाल तसा, आप्पा," बापूस म्हणाला.

मला कुणी विचारलं नाही. मी तोंड उघडणार, तर आयने माझ्या पायावर पाय ठेवला. दाबून.

बिनविरोध आले. राखीव जागेतली बाई मी एकटीच, म्हणून सरपंचही मीच. गुलाल आप्पांना लागला, पेढे त्यांच्या ओटीवर वाटले. पाड्यात जाऊन मी काय सांगणार होते? की मी जिंकले?

पहिली मासिक सभा. टेबलामागे हात असलेली एकच खुर्ची. तिच्यात आप्पा. ते साधे सदस्यही नव्हते. त्यांचा मुलगा उपसरपंच होता. ग्रामसेवक मला म्हणाला, "सरपंचबाई, तुम्ही खिडकीजवळ बसा. वारा येतो तिथे." मी स्टुलावर बसले. हो, बसले.

विषय होता गावाचा माळ. पाड्यामागचं गुरचरण. एका बिल्डरला हवं होतं. "तुळिंजला बघा कशा बिल्डिंगा झाल्या, आपलं गाव काय असंच राहणार?" उपसरपंच म्हणाला. पंचायतीची ना-हरकत पाहिजे होती. ग्रामसेवकाने ठराव भरभर वाचला. कुणी चर्चा केली नाही. घरी ठरलं होतं सगळं.

तेवढ्यात आप्पांकडून चहा आला. आणणारी माझी आय.

तिने सगळ्यांना कप दिले. माझ्याजवळ येऊन थांबली. आप्पांकडे बघितलं. आप्पा बशीत फुंकर घालत होते, त्यांनी मानही वर केली नाही. आयने टोपलीतून करवंटी काढली. घासून, विसळून आणलेली. खिडकीच्या कट्ट्यावर माझ्यापुढे ठेवली आणि चहा ओतला. वरून.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरून निघतानाच तिने ती टोपलीत घातली होती.

"सरपंचांचा पेशल कप," उपसरपंच म्हणाला. हशा झाला. आय पण थोडी हसली. ते हसू मला आजही बघवत नाही.

"ताई, इथे सही करा," ग्रामसेवक म्हणाला. पेन त्यानेच उघडून दिलं.

चहावर साय धरत होती. देशाने कायदा बदलला होता, आणि गाव होतं तसंच ठेवायला यांना फक्त माझी सही हवी होती.

"नाही करणार," मी म्हटलं. "माळ गावाचा आहे. ग्रामसभेला विचारा."

कुणी हसलं नाही आता. आप्पा सावकाश म्हणाले, "घर कुणाच्या जागेत आहे, पोरी?"

"तुमच्या."

"मग?"

"मग घर घ्या. सही माझी आहे."

मी चहा खिडकीबाहेर ओतला. करवंटी नेली आणि टेबलावर, आप्पांसमोर, पालथी घातली. ते सगळ्यांनी बघितलं.

घर गेलं. आप्पांच्या माणसांनी कूड उपसला, बापसाकडून पंपाचं काम काढून घेतलं. आम्ही पाड्यात काकाच्या पडवीत राहायला गेलो. बापूस माझ्याशी बोलेना. आय एकच बोलली, "कपानं पोट भरता का गं?"

मी ग्रामसभेची नोटीस लिहायला घेतली.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. मी पोचले तर खुर्चीत आप्पा. मी समोर उभी राहिले.

"आप्पा, उठा. ग्रामसभेची अध्यक्ष मी आहे."

त्यांनी ऐकूच आलं नाही असं केलं. बापूस खाली माती बघत होता. आता मागे फिरायला जागाही नव्हती, घरच नव्हतं. तेवढ्यात पाड्यातल्या बायांमधून आवाज आला.

"उठा आप्पा. पोर उभी हाय."

आय होती.

आप्पा उठले. जाताना म्हणाले, "बस. किती दिवस बसतेस बघतो."

मी बसले. माळ देऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हटलं. पहिला हात आयचा. मनगटावर चहाने भाजल्याचे जुने पांढुरके डाग. मग पाडा. मग, आप्पांकडे न बघता, वाडीतले इतर मजूर. ना-हरकत नामंजूर झाली. माळ गावाकडेच राहिला.

आप्पांनी शब्द खरा केला. मुलाकरवी अविश्वास ठराव आणला, मला खुर्चीवरून उतरवलं. बापसाला या पट्ट्यात कुणी काम दिलं नाही. आय माणिकपूरला धुणीभांडी करते. त्या अंगणातल्या करवंट्या अजून तिथेच आहेत. त्या उचलणारे हात तेवढे दुसऱ्या पाड्यातले.

आता पुन्हा निवडणूक आहे. आमच्या वॉर्डातली जागा या वेळी खुली आहे, राखीव नाही. लोक सांगतात, ती तुमची नाही.

मी उभी राहते आहे. मला कुणी उभी केलेली नाही.